मुंबईचा पत्ता विचारल्याशिवाय पोर पाठवू नका

मंडळी, सुगी आटोपली की गावात पाहुण्यांची ये-जा वाढते. कोणी सोयरीक जमवायला येतो, कोणी जत्रेचं आवतण घेऊन येतो, कोणी कामाला माणसं पाहिजेत म्हणून येतो. आलेल्याला चहापाणी द्यावं, ही आपली रीत, आणि ती चांगलीच आहे. पण या पाहुण्यांत एखादा असा निघतो, की तो ना सोयरा, ना मुकादम. यंदा तुमच्या विहिरीनं तळ गाठला, सोसायटीचं कर्ज थकलं, थोरलीचं लग्न झालं आणि धाकटी आता सोळा-सतरा वर्षांची आहे, एवढी चौकशी त्यानं आधीच केलेली असते. तो म्हणतो, "काका, पोरीला मुंबईला पाठवा. चांगल्या घरातलं काम आहे. जेवूनखाऊन पगार. आगाऊ पैसे आत्ताच घ्या."

आज या पाहुण्याविषयी लिहायचं आहे. विषय जड आहे. बायामुलींसमोर हे वाचावं की नाही, असं काहींच्या मनात येईल. माझं म्हणणं, त्यांच्यासमोरच वाचा आणि मोठ्यानं वाचा. घरात ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, तिच्याच आडोशानं माणसं विकण्याचा धंदा चालतो.

गावाची खोली

मुंबई आपल्याला परकी नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांतला माणूस लालबाग-परळच्या गिरण्यांत राबला. तो कसा गेला, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारा. तो सहसा एकटा गेला नाही. गावचा कोणी आधी गेलेला असे, त्याच्या मागोमाग हा जाई. लालबागला, परळला, गिरगावातल्या चाळीत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली एखादी खोली असे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. कोण आजारी पडलं, कोणाला काम लागलं, कोण वाईट नादाला लागला, सगळी खबर पत्रानं नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून गावाला कळे. खोली कोंदट होती, पण तिला पत्ता होता आणि त्या पत्त्यावर आपली माणसं होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आज त्यातल्या कित्येक जागांवर टॉवर आणि मॉल उभे आहेत. गावाच्या खोल्याही बहुतेक मोडल्या. गावातून मुंबईला जाणं मात्र थांबलं नाही. वाट तीच राहिली, पण वाटेवरचा ओळखीचा माणूस कमी झाला. दलाल पूर्वीही होताच. आता त्याला मोकळं रान मिळालं आहे.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, मुंबईला जाणं वाईट नाही. शिकायला, नोकरीला मुली जरूर जाव्यात. पत्ता माहीत नसताना जाणं, हे वाईट.

कर्ज कधी फिटतच नाही

गिरगावातून ग्रँट रोडच्या बाजूनं चालत निघालं, तर अर्ध्या तासात कामाठीपुरा लागतो. तेलंगणातून आलेले कामाठी मजूर इथं राहत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. शेजारच्या फॉकलंड रोडला आज आपल्या पठ्ठे बापूरावांचं नाव आहे. इंग्रजांच्या अमदानीपासून या भागात कुंटणखाने होते. आज ती वस्ती पूर्वीच्या मानानं खूप आटली आहे. पण धंदा संपलेला नाही, तो लॉजमध्ये, भाड्याच्या घरांत आणि फोनवर गेला आहे.

१९१७ साली याच परिसरातल्या डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या बाईचा खून झाला. तिनं पळून जायचा प्रयत्न केला होता. तिला पकडून आणलं आणि हाल हाल करून मारलं. खटला उभा राहिला तेव्हा तिथल्या इतर बायांच्या जबान्यांतून आतला कारभार बाहेर आला. बाई कर्जात अडकवलेली, आणि तिची कमाई मालकाच्या हातात. या खटल्यानं मुंबई हादरली. पुढं १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसायाला आळा घालणारा कायदा झाला.

मंडळी, या कर्जाची गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. सावकाराची वही आपल्या आजा-पणजांनी पाहिली आहे. मुद्दल किती, व्याज किती, भरलं किती, हे सगळं त्याच्याच हातात. पोरीला विकलं जातं तेव्हा अशीच वही तिच्या नावावर उघडते. दलालाला दिलेले पैसे तिच्या नावावर, कपडालत्ता तिच्या नावावर, औषधपाणीही तिच्या नावावर. घरच्यांनी जी आगाऊ रक्कम घेतली, ती या वहीतली पहिली ओळ असते. "फेड आणि जा," असं तिला सांगतात, आणि ते कधी फिटत नाही. बेडी घालावी लागत नाही, वहीच बेडीचं काम करते.

कर्ज सगळंच वाईट, असंही नाही. याच गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका किराणा दुकानदाराच्या आणि सावकाराच्या देण्यात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तिथं व्याजाचा दर ठाऊक होता, पावती हातात होती, आणि कर्ज बाईच्या कामावर होतं, अंगावर नव्हतं. दोन कर्जांतला फरक एवढाच, पण जन्माचा फरक.

परळलाच दामोदर हॉलमध्ये १६ जून १९३६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढं भाषण केलं. हे जिणं सोडा आणि इतर बायांसारखा संसार करा, असं त्यांनी कळकळीनं सांगितलं. पुढं त्यांच्या देखरेखीखाली आपली राज्यघटना तयार झाली. तिच्या २३ व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना बंदी केली आहे. मुलगी देवाला सोडणं, हाही याच धंद्याचा एक दरवाजा होता. त्याविरुद्ध १९३४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, आणि देवदासी प्रथा मुळापासून बंद करण्यासाठी महाराष्ट्रानं २००५ चा नवा कायदा केला.

बैल घेताना बघता, तेवढं तरी बघा

दलाल म्हणजे काळाकभिन्न, मिशा पिळणारा गुंड, असं आपल्याला सिनेमानं शिकवलं. प्रत्यक्षात तो बहुधा ओळखीचा असतो. लांबचा मामा, शेजारगावची मावशी, पूर्वी मुंबईला गेलेली आणि आता अंगभर दागिने घालून आलेली एखादी बाई, नाहीतर फोनवर ओळख झालेला पोरगा. ओळखीचा चोर जिवे न सोडी, ही म्हण उगीच पडली नाही.

त्याची आमिषं ठरलेली आहेत. घरकामाची नोकरी. बिनहुंड्याचं लग्न, वर दोन्हीकडचा खर्च आम्ही करतो. मालिकेत नाहीतर ब्यूटी पार्लरमध्ये काम. फोनवरचं प्रेम आणि "घरी सांगू नकोस, आधी ये." मुलगेही यातून सुटलेले नाहीत, हॉटेलात आणि कारखान्यात राबवायला त्यांनाही असंच नेतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या.

आपण बाजारात बैल घ्यायला जातो तेव्हा काय करतो? दात बघतो, खांदा बघतो, चार पावलं चालवून बघतो, मालक कोण ते विचारतो आणि पावती घेतो. मग पोटची पोर पाठवताना एका शब्दावर का पाठवावी? एवढं तरी करा:

पोर अठरा वर्षांची झाल्याशिवाय कामाला परगावी पाठवू नका आणि तिचं लग्नही करू नका. शाळा सुटू देऊ नका. शाळा सुटलेली पोर दलालाच्या नजरेत आधी भरते.

काम कुठं आहे, त्या जागेचा पुरता पत्ता लिहून घ्या. "दादरला" किंवा "परळला" हा पत्ता नव्हे. गल्ली, इमारत, मजला, मालकाचं नाव आणि फोन पाहिजे. मालकाशी स्वतः बोला. गावचं कोणी मुंबईत असेल तर त्याला त्या जागेवर जाऊन दार वाजवून यायला सांगा. पत्ता विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याबरोबर पाठवायचं नाही.

नेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फोटो ठेवून घ्या. पोलीस पाटलाला सांगून ठेवा. भल्या माणसाला याचा राग येणार नाही.

आगाऊ पैसे घेऊ नका. पगार कामानंतर असतो. कामाआधी, आणि तोही बापाच्या हातात मिळतो, त्याला पगार म्हणत नाहीत.

लग्नाचं स्थळ दूरचं असेल तर मुलाचं घर, शेत, शेजारीपाजारी बघून या. लग्नाची रीतसर नोंदणी करा. दोन दिवसांत लग्न उरका, अशी घाई करणाऱ्याला हात जोडा.

पोरीला घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ पाहिजेत. फोन हिसकावून घेतला तर डोक्यातला नंबर कोणी हिसकावत नाही. त्याबरोबर ११२ हा पोलिसांचा, १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १८१ हा महिलांचा, हे तीन नंबरही पाठ करून घ्या. १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच टाटा समाज विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. परतीच्या भाड्याचे पैसे तिच्याजवळ वेगळे असू द्या.

आणि घरात एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. शेजारी कोणी ऐकत उभं असेल, मोकळं बोलता येत नसेल, तेव्हा तिनं फोनवर विचारावं, "कपिला व्याली का?" गोठ्यात कपिला नावाची गाय नाही, हे घरच्यांनाच माहीत. ते ऐकलं की समजायचं, पोर अडचणीत आहे.

फोन लागेनासा झाला तर

पहिली चूक इथं होते. दोन दिवस वाट बघू, चार दिवस वाट बघू, पोलिसांत गेलो तर गावात बोभाटा होईल, धाकटीचं लग्न मोडेल. मंडळी, तुम्ही अब्रू झाकत बसता तेवढ्या वेळात पोरीला एका शहरातून दुसऱ्या शहरात नेतात. त्याच दिवशी ठाण्यावर जा.

अठरा वर्षांखालचं मूल हरवलं, तर पोलिसांनी नुसती नोंद करून भागत नाही, गुन्हा दाखल करूनच तपास करायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलं आहे. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणून परत पाठवण्याचीही सोय आता राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार घटना कुठंही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या.

जाताना अलीकडचा फोटो न्या. अंगावर कोणते कपडे होते ते आठवून सांगा. तिला आलेल्या फोनचे नंबर, फोनवरचे निरोप, पैसे ज्या खात्यातून आले त्याची नोंद, यातलं काही पुसू नका. आगाऊ पैसे घेतले असतील तर लपवू नका. त्या पैशाच्या धाग्यावरूनच पुष्कळदा माणूस सापडतो.

पोर मुंबईच्या गाडीत बसली, एवढंच कळलं असेल तर लगेच ११२ ला कळवा, आणि ती अठरा वर्षांखालची असेल तर १०९८ लाही. दादर स्टेशन, परळचा एस.टी. डेपो, मुंबई सेंट्रल, या उतरण्याच्या जागा. गाडी पोचायच्या आत खबर गेली, तर फलाटावरच अडवता येतं. तुम्ही स्वतः मुंबईला जात असाल आणि एखादी बावरलेली पोर परक्या माणसाच्या मागं चाललेली दिसली, तर "आपल्याला काय करायचंय" म्हणून पुढं जाऊ नका. रेल्वे पोलिसांना सांगा. चौकशीत काही निघालं नाही तर नुकसान कोणाचंच नाही.

कायदा कडक आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाप्रमाणे शोषणासाठी माणसाला फसवून, धाकानं किंवा आमिषानं नेणारा, पोचवणारा, लपवून ठेवणारा आणि ताब्यात घेणारा, हे सगळे गुन्हेगार. शिक्षा सात वर्षांपासून पुढं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि "ती स्वतःच्या खुशीनं आली होती" हा बचाव या कलमात चालत नाही.

सोडवलेल्या पोरीचं पुढं काय

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. पण त्यानंतर जे घडलं, ते शिकण्यासारखं आहे. एवढ्या मुलींना पुरेल अशी जागा आणि व्यवस्था सरकारी वसतिगृहांत नव्हती. त्यातल्या बऱ्याच जणी नेपाळच्या होत्या. त्यांच्या सरकारनं त्यांना परत घ्यायला टाळाटाळ केली. शेवटी तिथल्या सामाजिक संस्थांनी पुढं होऊन कित्येकींना मायदेशी नेलं. छापा एका दिवसाचा असतो. तुटलेलं आयुष्य सांधायला वर्षं जातात.

हे सांधायचं काम करणारी माणसंही याच मुंबईत आहेत. माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम १९२७ सालापासून निराधार बायांना आसरा देत आला आहे. कामाठीपुऱ्यात प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ साली 'प्रेरणा' संस्था सुरू केली. तिथल्या बायांच्या लेकरांना रात्री सुरक्षित झोपता यावं, अभ्यास करता यावा, म्हणून १९८८ साली त्यांनी रात्रीचं निवारा केंद्र काढलं. आईच्या वाट्याला आलं ते लेकीच्या वाट्याला येऊ नये, हा हेतू.

याच संस्थेच्या अर्जावर २००२ साली मुंबई उच्च न्यायालयानं एक निकाल दिला. तो आईबापांनी समजून घ्यावा. सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी समजायचं नाही, तिला बाल कल्याण समितीपुढं न्यायचं. दलालाचा वकील त्याच खटल्यात तिची बाजू मांडू शकत नाही. आणि नीट चौकशी झाल्याशिवाय तिला कोणाच्या ताब्यात द्यायचं नाही. पुष्कळ आईबाप इथं चिडतात. "आमचीच पोर, आणि आम्हालाच कागद मागता?" पण अशा वेळी "मी तिचा मामा" म्हणून दलालाचा माणूसही ताबा मागायला येतो. म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड घेऊन जा आणि धीरानं चौकशीला उत्तरं द्या. ती चौकशी तुमच्या पोरीसाठीच आहे.

वकिलाच्या खर्चाची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना, मुलांना आणि माणसांच्या व्यापाराला बळी पडलेल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. अत्याचार झालेल्या पोरीसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना आहे, तिची चौकशी तिथंच करा. पोरीचं नाव, फोटो छापणं, फोनवरून फिरवणं हा गुन्हा आहे. तो फोटो तुमच्या फोनवर आला तर पुढं पाठवू नका. बाई सज्ञान असेल तर कुठं राहायचं, काय करायचं, हे तिलाच ठरवू द्या. तिच्यावर जबरदस्ती करणारे आधी पुष्कळ झाले.

आता शेवटचं आणि अवघड. पोर परत आली, तर दार उघडाल ना? परतलेल्या पोरींचा दुसऱ्यांदा घात होतो तो पुष्कळदा गावात. बाया पाणवठ्यावर कुजबुजतात, पोरं पारावर बसून टोमणे मारतात, बाप मान खाली घालून फिरतो, आणि दलाल पुन्हा येऊन म्हणतो, "इथं तुला कोण विचारतंय? चल." चोरी झालेल्या घराला आपण चोर म्हणत नाही. मग फसवल्या गेलेल्या पोरीला नावं का ठेवायची? तिला खोदून खोदून विचारू नका. घाईनं लग्न लावून मोकळं होऊ नका. तिला डॉक्टरला दाखवा, शाळा-शिक्षण पुन्हा सुरू करून द्या, आणि बोलावंसं वाटेल तेव्हा ऐकायला जवळ बसा.

गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, शिक्षक तिच्यात असतात. तुमच्या गावात ती कागदावरच आहे की बैठकाही होतात, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. तिथं एक साधी वही ठेवायला लावा. गावातलं कोण, कोणाबरोबर, कोणत्या पत्त्यावर गेलं आणि शेवटचा फोन कधी आला, एवढंच तिच्यात लिहायचं. पूर्वी लालबाग-परळच्या खोलीत गावाला आपल्या माणसाची खबर असे. ती खोली आता नसली, तरी खबर ठेवायला एक शंभर पानी वही पुरते. दलालाच्या वहीत पोरीचं नाव चढण्याआधी ते गावाच्या वहीत असलं पाहिजे.